कर्नलचं घर

सकाळी डोळे उघडल्यावर आपण कोण आहोत, कुठे आहोत आणि काल कुठवर आलो होतो याची रीतसर खात्री करून घेतल्याशिवाय पलंगावरून पाय खाली न टाकणारा माणूस या पृथ्वीच्या पाठीवर एकच आहे, आणि तो नेमका माझा साडू आहे. साडू हे नातं कुणी निवडून घेत नाही. एकाच सासऱ्याने दोन वेगवेगळ्या वर्षी, दोन वेगवेगळ्या मनःस्थितीत घेतलेल्या दोन निर्णयांचा तो परिणाम असतो. माझ्या वेळी आमचे सासरे घाईत होते. गुलमंडीत कापडाचं दुकान असलेला मुलगा दिसला आणि त्यांनी पुढची चौकशी केली नाही. धाकट्या मुलीच्या वेळी मात्र त्यांनी चांगली दोन वर्षं पारख केली आणि हा माणूस शोधून काढला. त्यामुळे आमच्या साडूबुवांबद्दल मी जे काही सांगणार आहे त्याची सगळी जबाबदारी सासऱ्यांची आहे.

तर सकाळची गोष्ट. साडूबुवांना जाग येते बरोबर साडेपाचला. त्यानंतर सात मिनिटं ते डोळे उघडे ठेवून छताकडे बघत पडून असतात. या सात मिनिटांत त्यांच्याशी बोलायचं नाही, चहाचं विचारायचं नाही, दारात पाहुणा आला तरी सांगायचं नाही. लग्नानंतर पहिल्याच आठवड्यात माझ्या मेहुणीने हे दृश्य पाहिलं आणि घाबरून माहेरी फोन केला की यांचे डोळे उघडे आहेत पण आत कुणी नाही. सासूबाई तशाच रिक्षा करून सिडकोत पोचल्या. तोवर सात मिनिटं होऊन गेली होती आणि जावई दाढी करत होते. त्यांनी तोंडाला फेस असतानाच खुलासा केला, "आई, मला काय बी झालेलं नाय. मी रूट लावू लागलो होतो." रूट म्हणजे मूळ एवढं इंग्रजी सासूबाईंना येत होतं; त्यांना वाटलं, जावयाला कुणीतरी मुळी-बिळी दिली आहे. त्यांनी घरातले सगळे डबे उघडून पाहिले.

ही मुळी पुढे आम्हा सगळ्यांनाच घ्यावी लागली. साडूबुवा चिकलठाण्याच्या औद्योगिक वसाहतीत एका लहानशा कंपनीत इंजिनिअर आहेत. गावोगावच्या दूध संकलन केंद्रांवर दूध मोजायचं, त्यातलं फॅट बघायचं आणि पावती छापायची अशी यंत्रं ही कंपनी बनवते. यंत्राच्या पोटात एक चिमुकला कॉम्प्युटर असतो. बटण दाबल्यापासून पडद्यावर 'तयार' अशी अक्षरं उमटेपर्यंत नऊ सेकंद जातात. हे नऊ सेकंद साडूबुवांचे. त्याआधीचं आणि त्यानंतरचं काम दुसरी माणसं बघतात. या नऊ सेकंदांवर या गृहस्थाने आपल्या आयुष्याची बावीस वर्षं घातली आहेत, आणि अजूनही ते त्यातलं अर्धं सेकंद कमी करता येईल का या विवंचनेत असतात.

या नऊ सेकंदांत काय होतं हे त्यांनी एका रविवारी सासूबाईंना समजावून सांगितलं, आणि तिथे एक गैरसमज जन्माला आला जो आजतागायत आमच्या घराण्यात सुखाने नांदतो आहे. साडूबुवा म्हणाले, आधी बूट होतो आणि मग कर्नल उठतो. यंत्रातल्या सगळ्या कारभाराच्या मुळाशी जो एक प्रोग्रॅम असतो त्याला त्यांच्या धंद्यात कर्नल म्हणतात. पण सासूबाईंचे एक चुलते पलटणीत होते. कर्नल म्हणजे कोण हे त्यांना कुणी शिकवायची गरज नव्हती. त्यांनी पदर सावरला. आधी बूट आणि मग कर्नल हा क्रमही त्यांना अगदी पटला. साडूबुवा आपल्या तंद्रीत सांगत होते की हा कर्नल उठतो खरा, पण त्याला काहीही ठाऊक नसतं. भांडी कुठं, अंथरूण कुठं, आज काम काय करायचं, सगळा अंधार. त्याच्या हातात फक्त एक चिठ्ठी असते आणि चिठ्ठीवर त्याच्या घराचा पत्ता. त्या घराला रूट म्हणायचं. पत्त्यावर जाऊन घर उघडलं की आत सगळा संसार जागच्या जागी रचलेला असतो, मग तो कामाला लागतो. सासूबाईंनी विचारलं, आणि घर नाहीच सापडलं तर? साडूबुवा म्हणाले, तर तो इंग्रजीत एक ओळ लिहितो आणि वाटेतच बसून राहतो, आपण बटण बंद करेपर्यंत हलत नाही. सासूबाईंचे डोळे भरून आले. त्या म्हणाल्या, "एवढा मोठा साहेब, अन् त्याला घर दावायला कुणी नाय व्हय?"

तेव्हापासून दर दिवाळीला, दर राखीला, जावई उंबरठ्यावर असतानाच त्या कर्नलची चौकशी करतात. एकदा त्यांनी त्याच्यासाठी चिवडाही बांधून दिला होता. साडूबुवांनी तो घेतला, कंपनीत नेला आणि खाल्ला, पण सासूबाईंची समजूत काढली नाही. मी का काढली नाही असं कुणी विचारेल. तर पहिली दोन वर्षं मीही त्या कंपनीत एखादे निवृत्त लष्करी अधिकारी कामाला आहेत अशाच समजुतीत होतो, आणि हे कबूल करण्यापेक्षा गप्प बसणं मला सोयीचं वाटलं.

यंत्राला लावलेले नियम साडूबुवा स्वतःलाही लावतात, ही खरी अडचण आहे. त्यांचा कर्नल घर उघडतो तेव्हा एकदम आत घुसून पसारा करत नाही. आधी घर नुसतं बघण्यापुरतं उघडायचं, कशाला हात लावायचा नाही. आदल्या दिवशी अचानक लाईट गेली असेल तर आत काहीतरी अर्धवट, वाकडंतिकडं राहिलेलं असतं. ते सगळं नीट आहे असं दिसलं की मगच लिहा-पुसायची परवानगी घ्यायची. हा माणूस मुलगी बघायला आला तेव्हाही त्याने हेच केलं. पोहे आले, चहा आला, मुलगी आली, मुलगी गेली, आणि मुलाने तोंडातून एक अक्षर काढलं नाही. हात मांडीवर ठेवून तो फक्त बघत होता; मुलीकडे कमी आणि घराकडे जास्त. पाहुणे गेल्यावर सासऱ्यांनी मला बाजूला घेऊन हळूच विचारलं होतं की मुलगा मुका तर नसेल. आठ दिवसांनी मुलगा पुन्हा आला आणि दीड तास बोलत बसला. माझ्या दुकानातही त्यांची रीत तीच. शर्टाचं कापड घ्यायला म्हणून येतात, गादीवर बसतात, सगळे तागे उघडायला लावतात, आणि हात पाठीमागे बांधून निघून जातात. मी एकदा वैतागून म्हटलं की साडूबुवा, एखाद्या कापडाला बोट तरी लावा. ते म्हणाले, "आज फक्त वाचलं, भाऊ. लिहायला बुधवारी येतो." आणि खरोखर बुधवारी आले.

प्रवासाला निघताना त्यांच्या खांद्याला एक मळकट पिशवी असते. तिला ते तंबू म्हणतात. मोठ्या यंत्रांत म्हणे कर्नलला थेट घरी जाता येत नाही, वाट अवघड असते. म्हणून त्याला आधी एका तात्पुरत्या तंबूत उतरवतात, तिथे घर शोधण्यापुरती हत्यारं ठेवलेली असतात, आणि खरं घर सापडलं की तंबू गुंडाळून टाकतात. वेरूळला आमच्या चुलत मेहुण्याचं लग्न होतं. कार्यालयातल्या खोल्या दुपारपर्यंत मिळणार नव्हत्या आणि वऱ्हाडी बोचकी घेऊन व्हरांड्यात भांडत होते. साडूबुवांनी एका कोपऱ्यात तंबू उघडला. त्यातून चटई निघाली, सुई-दोरा निघाला, बाम, नखं कापायचं यंत्र, सेफ्टी पिना, फुटाणे आणि एक पंचा निघाला. अर्ध्या तासात सगळं वऱ्हाड त्या चटईच्या भोवती होतं. नवऱ्या मुलाच्या शेरवानीचं तुटलेलं बटण तिथेच लागलं. खोलीची किल्ली आली त्याबरोबर साडूबुवांनी चटई गुंडाळली, तेव्हा तिच्यावर तीन म्हाताऱ्या बसलेल्या होत्या. त्यांना उठावं लागलं.

नंबरावरून माणूस ओळखण्याचा मात्र त्यांना मनापासून तिटकारा आहे, आणि त्याला कारण धोंड्याचं जेवण. अधिक महिन्यात सासूबाईंनी दोन्ही जावयांना बोलावलं होतं. मी थोरला, आणि मला साखरेचा आजार. म्हणून माझ्यासाठी बिनगुळाच्या पुरणाचे वेगळे धोंडे केले होते आणि सुनेला सांगून ठेवलं होतं की पहिल्या पाटावर थोरले जावई, त्यांना त्या डब्यातले वाढ. मी गाडी लावायला जागा शोधत होतो तोवर साडूबुवा वेळेवर आले आणि रिकामा दिसला त्या पहिल्या पाटावर बसले. ते तीन धोंडे त्यांनी कुठल्याही तक्रारीशिवाय खाल्ले. त्यांना वाटलं या घरची चवच तशी असेल. मला दुसरा पाट मिळाला. मी चार खाल्ले आणि कुणाला काही बोललो नाही. हात धुताना भांडं फुटलं तेव्हा साडूबुवा मला म्हणाले, "माणूस नंबरानं वळखू नये, भाऊ. पहिला कोण, हे आधी कोण आला त्याच्यावर ठरतंय. ज्याची त्याची अंगची खूण असती, ती बघावी." हा विचार फार मोलाचा आहे हे मला त्या वेळी जाणवलं नाही, कारण मी पाचव्या धोंड्याच्या विचारात होतो.

गेल्या हिवाळ्यात एके दिवशी माझ्या दुकानाला सुट्टी होती आणि साडूबुवा भल्या पहाटे गाडी घेऊन दारात उभे राहिले. बिडकीनच्या पुढच्या एका गावातलं यंत्र महिनाभर त्रास देत होतं. पाचातल्या तीन सकाळी ते सुरूच होत नसे. दोन वेळा कंपनीची माणसं जाऊन आली, दोन्ही वेळा त्यांच्यासमोर ते शहाण्यासारखं सुरू झालं. आता साडूबुवा स्वतः निघाले होते. मला बरोबर का घेतलं, असं विचारलं तर म्हणाले, मी मोठ्यानं विचार करतो, समोर माणूस लागतो. आजवर मला मिळालेलं हे सर्वांत प्रामाणिक निमंत्रण आहे.

आम्ही पोचलो तेव्हा नुकतं उजाडत होतं. पत्र्याच्या एका खोलीत संकलन केंद्र होतं आणि बाहेर पंचवीस-तीस माणसं किटल्या घेऊन रांगेत उभी होती. केंद्र चालवणाऱ्या बाईंना सगळे ताई म्हणत होते. पस्तिशीच्या असाव्यात, अंगावर स्वेटर, डोक्याला रुमाल, चेहरा ओढलेला. यंत्र त्या दिवशीही बंद होतं. दूध सोसायटीचे चेअरमन मफलर गुंडाळून खुर्चीवर बसले होते. त्यांनी आमचं स्वागत केलं आणि ताईंच्या देखतच सांगितलं, "मशीनला काय बी झालेलं नाय, साहेब. हिचा हात लागला की बंद पडतंय." यातले 'हात लागला' हे शब्द आमच्याकडे जरा जुने आहेत. ताई बौद्ध वस्तीतल्या आणि चेअरमन गावातल्या मोठ्या घरचे. रांगेतल्या सगळ्यांना ते शब्द ऐकू आले आणि सगळ्यांनी आपापल्या किटलीत पाहिलं. त्यात मीही होतो, फक्त माझ्याकडे किटली नव्हती.

हळूहळू सगळा प्रकार कळला. भिंतीवर कंपनीने दिलेला सूचनांचा कागद लावलेला होता. तिसरी सूचना अशी की रोजची नोंद जपण्यासाठी बाहेरच्या खाचेतलं मेमरी कार्ड काढू नये. चौथी सूचना अशी की यंत्र सुरू न झाल्यास ते कार्ड पूर्ण पुसून, कोरं करून पुन्हा घालावं. ही चौथी सूचना कंपनीने ताईंना फोनवर तीनदा वाचून दाखवली होती आणि तिन्ही वेळा त्या म्हणाल्या होत्या की बाकी काय सांगाल ते करीन, पण ते करणार नाही. का, ते सांगत नव्हत्या. त्यावर सोसायटीने ठराव केला होता की महिनाअखेर केंद्र त्यांच्याकडून काढून घ्यायचं. घरात कमावणाऱ्या त्या एकट्या होत्या. त्यांच्यापुढे दोनच वाटा होत्या. कार्ड पुसा, नाहीतर उठा.

साडूबुवांनी नेहमीप्रमाणे हात पाठीमागे बांधले आणि वीस मिनिटं नुसतं पाहिलं. यंत्र पाहिलं, वायर पाहिली, भिंतीवरचा कागद पाहिला. चेअरमन माझ्या कानाशी येऊन म्हणाले की तुमच्या साहेबाला येतंय ना काही. मी म्हटलं, सध्या ते वाचत आहेत. मग साडूबुवांनी ताईंना एवढंच सांगितलं की तुम्ही रोज जे करता ते रोजच्यासारखं करा, मी इथं नाही असं समजा. ताईंनी यंत्र बंद केलं, पुन्हा चालू केलं. पडद्यावर इंग्रजीत एक ओळ उमटली आणि यंत्र गप्प झालं. ती ओळ मला वाचता आली नाही, पण साडूबुवांचा चेहरा मी वाचला. कर्नलला घर सापडलं नव्हतं. त्यांनी खाचेतलं कार्ड काढून बटण दाबलं. नऊ सेकंदांत 'तयार' अशी अक्षरं आली. कार्ड पुन्हा घातलं, पुन्हा तीच ओळ.

हे कार्ड कंपनीचं नाही, असं ते म्हणाले. ताई म्हणाल्या की कंपनीचं दिवाळीत खराब झालं, ऑफिसातून सांगितलं कुठलंही घाला, माझ्याकडे हे एवढंच होतं. साडूबुवांनी लॅपटॉप काढला तशी ताईंनी कार्डावर हात ठेवला. साडूबुवा थांबले. म्हणाले, "ताई, मी फक्त वाचायला उघडतोय. आतलं एक अक्षर बी हलणार नाय. माझा शब्द हाय." मग ताईंनी हात काढला.

कार्डात दुधाच्या नोंदी होत्या, आणि 'अण्णा' नावाचा एक कप्पा होता. साडूबुवांनी ताईंकडे बघितलं, ताईंनी होकाराची मान हलवली, मग त्यांनी तो उघडला. आधी कुणीतरी खोकल्याचा आवाज आला, मग एक मुलगी म्हणाली की अण्णा, चालू झालंय, आणि मग एक म्हातारा, चिरका, पण सुरात पक्का आवाज भीमगीत म्हणू लागला. ताईंचे वडील. जयंतीच्या मिरवणुकीत पुढे तेच गायचे, आसपासच्या गावांतही त्यांना बोलावणं असायचं. दोन वर्षांपूर्वी गेले. त्यांच्या जुन्या मोबाईलमधलं हे कार्ड, आणि त्यांचा आवाज जगात दुसरीकडे कुठे नव्हता. ताई कुणाकडे न बघता म्हणाल्या, "गाण्यापायी गावाचं दूध नासवती म्हणले आसते. म्हणून नाय सांगितलं." रांगेतली एक बाई पदराने डोळे पुसत होती. गाणं संपेपर्यंत कुणी किटली हलवली नाही.

साडूबुवा मात्र गाणं संपल्यावरही पडद्याकडेच बघत होते. त्यांचे कान लाल झाले होते. मग ते उठले, दारात जाऊन उभे राहिले आणि रांगेला उद्देशून बोलू लागले. मी त्यांना बावीस वर्षं ओळखतो. चार माणसांपुढे हा माणूस स्वतःहून बोलायला उभा राहिलेला मी तेव्हाच काय तो पाहिला. त्यांनी कर्नलची गोष्ट सांगितली. अगदी सासूबाईंना सांगितली होती तशीच. उठतो, काही ठाऊक नसतं, हातात चिठ्ठी असते. "ती चिठ्ठी म्या लिहिली," ते म्हणाले. "पत्त्यावर घराची खूण टाकायची, ती टाकली नाय. नुसतं लिहिलं, पहिल्या नंबरचं घर तुझं. आतली मेमरी रोज आधी हजर व्हायची, तिला पहिला नंबर मिळायचा. कंपनीचं कार्ड सुस्त, ते मागं राहायचं. ताईचं कार्ड चपळ. ज्या सकाळी ते आधी हजर झालं, त्या सकाळी पहिला नंबर त्याचा. कर्नल त्या घरात गेला. आत भांडी नाय, कुंडी नाय. आत अण्णा गात बसलेले." मागून एक म्हातारा शेतकरी म्हणाला, मग कर्नल ऐकत बसला आसंल. माणसं हसली, ताईही किंचित हसल्या. साडूबुवा हसले नाहीत. म्हणाले, "मशीनची चूक नाय. ताईची नाय, कार्डाची बी नाय. पत्ता लिहिणाराची हाय. अन् कार्ड पुसून बी मशीन सुधरलं नसतं. ती चौथी सूचना बी माझीच."

दुरुस्ती व्हायला चार मिनिटं लागली. प्रत्येक मेमरीला म्हणे ती तयार होतानाच आकड्या-अक्षरांची एक लांबलचक खूण मिळते, जगात तशी दुसरी नसते. चिठ्ठीवरचा नंबर खोडून साडूबुवांनी ती खूण लिहिली. मला धोंडे आठवले, पण मी तोंड उघडलं नाही. काही प्रसंगी थोरल्या साडूने गप्पच बसायचं असतं. आता चेअरमन उठून यंत्राकडे आले, बटण दाबायला. साडूबुवांनी त्यांना अडवलं, अतिशय अदबीने. म्हणाले, तुम्ही फक्त मोजा. मग बाजूला सरकून म्हणाले, "ताई, लावा हात."

ताईंनी स्वतःचं कार्ड खाचेत घातलं आणि बटण दाबलं. 'तयार.' साडूबुवा म्हणाले, बंद करा, पुन्हा लावा. असं दहा वेळा. यंत्र दहाही वेळा सुरू झालं. चेअरमन पहिले तीन आकडे खणखणीत म्हणाले, पुढचे जरा हळू, आणि दहा त्यांनी म्हटलं की नाही हे मला ऐकू आलं नाही. पण रांगेतल्या माणसांनी म्हटलं. मग दूध घालायला सुरुवात झाली. साडूबुवांनी कार्डाच्या दोन प्रती काढल्या, यंत्राला नवं कार्ड दिलं आणि अण्णांचं कार्ड ताईंच्या हातात परत ठेवलं. केंद्र अजून ताईच चालवतात.

एवढं छान झाल्यावर माणसाने परतताना गुणगुणावं. साडूबुवा बिडकीन येईपर्यंत एकेका गावाचं नाव पुटपुटत होते. तिथे चहाला थांबलो तेव्हा म्हणाले, "भाऊ, ताईनं पुसलं नाय. बाकी कुणी पुसलं आसंल का?" असली यंत्रं चाळीसेक गावांत होती आणि चौथी सूचना चाळीसेक भिंतींवर. मी म्हटलं की आता सूचना बदला आणि विसरा. ते हो म्हणाले. सूचना त्यांनी दुसऱ्याच दिवशी बदलली, पण विसरणं त्यांना जमलं नाही. त्यांनी सगळ्या केंद्रांना फोन केले. फोनवर प्रत्येक जण म्हणाला की नाही साहेब, आमच्या कार्डात काही नव्हतं. साहेबाला फोनवर कोण काय सांगणार. तेव्हा ते रविवारी, सुट्टीच्या दिवशी, एकेका गावी जाऊ लागले. कंपनीला न सांगता, स्वतःच्या गाडीने. चिठ्ठीवरचा पत्ता दुरुस्त करायचा, आणि निघता निघता विचारायचं की कार्डात काय होतं. बहुतेक ठिकाणी खरंच काही नव्हतं. एका ठिकाणी एक सिनेमा गेला होता आणि त्याचं कुणाला दुःख नव्हतं. मला वाटू लागलं होतं की आता यांना झोप लागेल.

मग एका रविवारी आम्ही वेरूळच्या डोंगरामागच्या एका लहान गावात गेलो. तिथे सत्तरीचे एक म्हातारबा आपल्या ओसरीवरच केंद्र चालवत होते. साडूबुवांनी पत्ता दुरुस्त केला आणि मग विचारलं. म्हातारबा सहज म्हणाले की व्हय, पुसलं ना. कंपनीचं कार्ड खराब झाल्यावर घरचंच घातलं होतं, त्यात पोळ्याच्या दिवशी काढलेले बैलजोडीचे फोटो होते. गुडघे गेले तेव्हा जोडी विकावी लागली, त्यालाही आता चार वर्षं झाली. मशीन बंद पडलं, भिंतीवर बघितलं, नातवाला सांगून पुसून टाकलं.

साडूबुवांनी त्यांना सगळं सांगितलं. चूक कुणाची होती, आणि पुसायची मुळीच गरज नव्हती, हेही. मग विचारलं, "जोडीची एवढीच आठवण व्हती, तर पुसलं कामून, बाबा?"

म्हातारबांच्या बोलण्यात राग नव्हता. ते म्हणाले, "तुमी लिवलं व्हतं ना. म्हणलं, लिवणाराला आपल्यापरीस जास्त कळत आसंल."

साडूबुवांनी भिंतीवरच्या त्या सूचनांच्या कागदाकडे पाहिलं. मला त्यांची फार दया आली, आणि खरं सांगायचं तर आपला साडू असा आहे याचा अभिमानही वाटला. शेवटी ते म्हातारबांच्या समोर जमिनीवर मांडी घालून बसले आणि म्हणाले, "कसे व्हते फोटो? सांगा मला. पयल्यापासनं."

म्हातारबांनी त्यांच्याकडे निरखून पाहिलं, हा माणूस थट्टा तर करत नाही ना म्हणून. मग ते भिंतीला टेकले. म्हणाले, पहिल्या फोटोत हरण्या एकटाच आहे, झूल अजून पाठीवर टाकलेली नाही, अंग ओलं आहे, नदीवरून नुकताच आणलाय. दुसऱ्यात पाखऱ्या, त्याने मान फिरवली म्हणून एकच शिंग आलंय. एकूण अकरा फोटो होते. संध्याकाळचं दूध यायची वेळ होईपर्यंत आम्ही ते अकराही ऐकले.